गेल्या सात दिवसांत

तार्तूच्या रुग्णालयात, तळघरातल्या खोलीत,
जिथे खिडकीतून फक्त लोकांचे बूट दिसतात
आणि एप्रिल उजाडला तरी बुटांना चिकटलेला बर्फ,
तिथे मी प्रश्न विचारते.
म्हणजे, प्रश्नांबद्दल प्रश्न विचारते :
हे वाक्य वाचून काय कळलं?
तुमच्या शब्दांत सांगा.
घाई नाही. कॉफी गार होईल, तेवढंच.

हेल्डुर, वय एकसष्ट, पूर्वी पियानोच्या तारा ताणायचा.
कोपरांच्या लवणीत इसब, गुडघ्यांमागे इसब.
प्रश्न पाचवा : खाजेमुळे तुमच्या आवडीची
एखादी गोष्ट करायची राहिली का?
त्याने ‘अजिबात नाही’वर फुली मारली.
मला बरं वाटलं. मग नियमानुसार विचारलं, कसं काय?
सौनात जाणं सोडलं, म्हणाला, त्याला अकरा वर्षं झाली.
भाऊ दर शनिवारी बोलवायचा. आता बोलवत नाही.
करायला काही उरलंच नाही, तर राहणार काय?

मी शून्य लिहिलं.
शून्यापुढे एक प्रश्नचिन्ह,
जे संगणकात भरता येत नाही.

उर्वे बेकरीत. रात्री किती वेळा जाग आली,
इथे तिने पेन खाली ठेवलं.
माझी रात्र दुपारी असते.
जग उठतं तेव्हा मी हातमोजे घालून झोपते,
सुती, मनगटाशी नाडी बांधून,
आणि दातांनी गाठ सोडते. झोपेतच.
सकाळी, म्हणजे संध्याकाळी,
चादर बघितली की कळतं.
हे कुठल्या चौकोनात लिहू?

आमच्या कागदावर एकच शब्द छापलेला : खाज.
त्यांच्याकडे किती तरी!
कुणाचं चुणचुणतं, कुणाचं हुळहुळतं,
कुणाच्या कातडीखाली राळ वितळत असते.
माइडो, तरुण लाकूडतोड्या, म्हणाला,
मुंग्या नव्हेत हो. मुंग्या परवडल्या,
मुंग्या संध्याकाळी घरी तरी जातात.

मग ती दहा सेंटिमीटरची रेघ.
डाव्या टोकाला काहीच नाही,
उजव्या टोकाला कल्पना करता येईल तेवढी.
माइडोने रेघेवर पेन टेकवलं, सरकवत नेलं,
टोक आलं, थांबला नाही,
कागद संपला, थांबला नाही,
टेबलाच्या लाकडावर दोन बोटं पुढे जाऊन फुली.
कल्पना तुम्ही करा, म्हणाला.
तो गेल्यावर मी पट्टी लावली. लावायची नसते.
एकशे एकोणचाळीस मिलिमीटर.
तक्त्यात त्याचे शंभर होतात.

आणि हे कुणाला सांगितलेलं नाही :
तिसऱ्या मुलाखतीपर्यंत माझ्याच मानेला खाज सुटते,
केसांखाली, कोरडी, विनाकारण.
समोरचा बघतो, ओळखतो, हसतो.
ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात.
खाजेचं तसं नाही, ती ऐकणाऱ्यालाही लागते,
थोडी, उसनी,
बस येईपर्यंत फिटते.

सात दिवसांनी तीच माणसं, तोच कागद.
आजार हलला नसेल तर उत्तरही हलता कामा नये;
तरच प्रश्नावर भरवसा.
उर्वेचा आकडा तोच. माइडोने टेबल नव्याने कोरलं, त्याच जागी.
हेल्डुरचं पेन मात्र पाचव्या प्रश्नावर
बराच वेळ हवेत.
मग ‘खूपच’वर फुली.
कातडी तीच. मलम तेच.
डॉक्टरांचा शेरा : बदल नाही.
मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला,
तुम्ही विचारलंत ना त्या दिवशी,
तेव्हापासून शनिवार आठवतोय.
बर्चच्या ओल्या फांद्यांचा वास.
भावाला फोन केला.
उचलला त्याने.

वरच्या मजल्यावर काइये, आमची संख्याशास्त्रज्ञ,
सगळे ठिपके एका तिरक्या रेषेत बसवत असते.
एक बसत नाही. त्याच्याभोवती लाल वर्तुळ काढून विचारते,
नोंद चुकली का?
नाही, मी म्हणते, आणि मान खाजवते.
मग चुकलं काय?

पाचवा प्रश्न पुन्हा लिहायला घेतलाय.
दोन दिवस झाले,
पहिल्याच शब्दावर अडलेय :
गेल्या